फोन ताब्यात घेणं वेगळं, उघडून घेणं वेगळं

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, पिंपरीत नोकरी करतो. महिन्याभरापूर्वी सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेबाराला घरी येताना नाकाबंदीत त्याला थांबवलं. लायसन्स, आरसी दाखवल्यावरही ‘फोनचं लॉक काढ’ म्हणाले. व्हॉट्सॲप, गॅलरी, गूगल पे सगळं चाळलं आणि फोन परत दिला. आता त्याच्या एका मित्राला सायबर फसवणुकीसाठी बँक खातं भाड्याने दिल्याच्या गुन्ह्यात अटक झाली आहे. या मित्राने भावाला एकदा ६,००० रुपये पाठवले होते, उसने घेतलेले परत केले म्हणून. परवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या सायबर पोलीस ठाण्याच्या नावाने व्हॉट्सॲपवर निरोप आला : जबाबासाठी या, येताना मोबाइल घेऊन या. त्याने फोन द्यायचा का? पासवर्ड सांगायचा का? नाही म्हटलं तर त्यालाच आरोपी करतील का? आई म्हणते, जाण्याआधी सगळं डिलीट करून टाक.

उत्तर : आईंचा सल्ला आधी बाजूला ठेवा, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे. मित्राला अटक झाली म्हणजे त्याचा फोन पोलिसांकडे गेला असणार, आणि दोघांच्या बोलण्याची दुसरी प्रत त्या फोनमध्ये आहे. सहा हजारांची नोंद बँकेत आहे. भावाने आपल्या बाजूचं पुसलं तर पुरावा नाहीसा होणार नाही, उलट ‘यानं नेमकं हेच का पुसलं?’ असा नवाच प्रश्न उभा राहील. व्हॉट्सॲपचे मेसेज फोनमधल्या एका डेटाबेस फाइलमध्ये ओळीने क्रमांक पडून साठतात. मधलेच क्रमांक गायब असले की तपासणाऱ्याला ती फट दिसते. शिवाय पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पुरावा म्हणून हजर करावा लागेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणाऱ्याला कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आत्ता ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू करणं, फोन रीसेट करणं, घाईने विकून टाकणं, किंवा जप्तीनंतर घरी बसून ‘फाइंड माय’मधून इरेज करणं, हे सगळं त्यातच मोडतं. आणि खरं सांगायचं तर ती चॅट भावाच्याच कामाची आहे. ‘तुझे सहा हजार पाठवले रे’ असा एखादा मेसेज त्यात असेल, तर उसनवारीचा त्याहून चांगला पुरावा त्याला दुसरीकडे मिळायचा नाही.

आता तो निरोप. आधी तो खरा आहे का ते बघा. ‘डिजिटल अटके’चे ठग नेमके असेच मेसेज पाठवतात, सोबत पोलिसांचा लोगो आणि शिक्का असतो. मेसेज आलेल्या नंबरवर फोन करू नका. जिल्हा पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर काढा, ठाणे अंमलदाराला गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपासी अंमलदाराचं नाव विचारा. कोणी व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं, स्क्रीन शेअर करायला लावलं, एखादी एपीके (ॲप बसवणारी) फाइल टाकायला सांगितली, तर तो पोलीस नाही. तिथेच फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

निरोप खरा निघाला तर एकच मागणी करा : लेखी नोटीस द्या, त्यावर कलम टाका. यात कोणाला राग यावा असं काही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेला कायदा) साक्षीदाराला बोलावायचं कलम १७९ आहे आणि त्यात ‘लेखी आदेशाने’ असंच म्हटलं आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याला कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस निघते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच ती बजावली पाहिजे. वस्तू किंवा कागद हजर करण्याचा कलम ९४ चा आदेश मात्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही काढता येतो. म्हणून ‘व्हॉट्सॲपवर आलं म्हणजे रद्दी’ असं समजू नका, त्यात कोणतं कलम आहे ते वाचा.

कलमाच्या आकड्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. १७९ असेल तर भाऊ साक्षीदार आहे. हे बोलावणं त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्या माणसापुरतंच करता येतं, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातून बोलावलं असेल तर ‘जबाब पिंपरीत नोंदवावा’ अशी लेखी विनंती करायला पूर्ण जागा आहे. मान्य झाली नाही तर मात्र हद्दीवरून हटून बसू नका, साक्षीदाराला संशयित करायला एक निमित्त मिळतं. ३५(३) असेल तर जाण्याआधी वकील गाठायलाच हवा. ठरल्या तारखेला हजर राहून सहकार्य केलं तर त्या गुन्ह्यात अटक करायची झाल्यास पोलिसांना कारणं लिहावी लागतात, आणि हजरच राहिलं नाही तर ते संरक्षण जातं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००.

फोन देणं आणि पासकोड देणं

फोन ही वस्तू ताब्यात घेण्याचा पोलिसांचा अधिकार मोठा आहे, त्यावर वाद घालण्यात फारसं हशील नाही. एखाद्या गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली मालमत्ता कलम १०६ खाली वॉरंटशिवाय जप्त करता येते, अट एवढीच की जप्तीचा अहवाल ताबडतोब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा. तपास चालू आहे आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल असं वाटलं, तर कलम १८५ खाली कारणं आधी केस डायरीत लिहून झडती घेता येते. त्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवाव्या लागतात. कलम ९४ मध्ये तर नव्या संहितेने डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्काची साधनं थेट नाव घेऊनच आणली आहेत.

पण फोन हातात येणं म्हणजे फोन उघडणं नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या एकाही कलमात ‘पासकोड सांगितलाच पाहिजे’ असं लिहिलेलं नाही. समोर उभं आहे ते संविधानाचं अनुच्छेद २०(३) : आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. कलम ९४ सारखा आदेश काढून आरोपीकडून त्याच्याविरुद्धची वस्तू मागवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच म्हटलं आहे. (योगायोग असा की तेव्हा लागू असलेल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे कलम ९४ च होतं.) साक्षीदाराला हा आडोसा नाही. त्याने आदेश टाळला तर न्याय संहितेच्या कलम २१० खाली कारवाई होऊ शकते. जबाब देताना मात्र ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्हा येईल असं उत्तर न देण्याची मुभा साक्षीदारालाही आहे, ती कलम १८०(२) मध्ये लिहिलेली आहे.

मग डोक्यातला पासकोड ही ‘साक्ष’ आहे की नुसती चावी? इथे न्यायालयं एका सुरात बोलत नाहीत. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने घेणं म्हणजे साक्ष द्यायला लावणं नाही, असं ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१ च्या खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं. नार्को चाचणी संमतीशिवाय नाही, असं २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कारण तिथे माणसाच्या मनातली माहिती काढून घेतली जाते. पासकोड या दोन्हींच्या मध्ये अडकला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तो ठशांच्या बाजूला टाकला : मागता येतो, पण नकार मिळाला तर तपासी अंमलदाराने न्यायालयात जाऊन वॉरंट आणावं. दिल्लीतल्या सीबीआय विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये उलट म्हटलं : पासवर्ड सांगायला लावता येत नाही, बोट किंवा चेहरा वापरता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही जामिनाच्या एका प्रकरणात पासवर्डसाठी आरोपीवर बळजबरी करता येत नाही असंच धरलं. हे निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांना बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात ते पुढे ठेवता येतात. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द या मुद्द्यावर अजून यायचा आहे. त्यामुळे ठाण्यात कोणी ‘कायद्याने सांगावंच लागतं’ म्हणालं तर ते बरोबर नाही, आणि ‘पोलीस काहीच करू शकत नाहीत’ म्हणणारा मित्रही चुकतोच आहे.

वेगळा रस्ता एकच, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९. तिथे माहिती उघडून देण्यास नकार दिला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो आदेश साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाच्या पातळीवरून निघतो. ठाण्यातल्या टेबलावर बसून कोणी ‘६९ लावीन’ म्हणत असेल तर आदेशाची प्रत मागा.

बोटाचा मुद्दा बारकाईने समजून घ्या, कारण रोजच्या वापरात गफलत तिथेच होते. कायद्याच्या दृष्टीने बोट हा सगळ्यात कच्चा दुवा आहे, आणि प्रत्यक्षातही. सेन्सरवर बोट टेकवायला दोन सेकंद लागतात, चेहऱ्यासमोर फोन धरायला तेवढेही नाहीत. पासकोड सांगण्यासाठी माणसाला तोंड उघडावं लागतं. फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा पासकोडच मागतो, बोट चालत नाही. तोपर्यंत आतला बहुतेक डेटा कुलूपबंद असतो आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांनाही तो काढणं अवघड जातं. एकदा पासकोड टाकून नंतर स्क्रीन नुसती लॉक केलेल्या फोनमधून बरंच जास्त निघतं. अलीकडचे आयफोन आणि अँड्रॉइड सुमारे तीन दिवस उघडले नाहीत तर आपोआप रीस्टार्ट होतात, ते याचसाठी. चार आकडी पिन, त्यातून जन्मसाल, यंत्राला फार वेळ अडवत नाही. निदान सहा आकडे ठेवा, अक्षरं-आकडे मिसळलेला पासवर्ड असेल तर उत्तम. ही सवय एरवीची. पोलीस समोर उभे असताना फोनशी खटपट करायला जाऊ नका, त्याचा अर्थ वेगळा लावला जातो.

तुमच्या भावासाठी माझं मत असं. सहा हजारांचा व्यवहार लपवू नये. बँकेचं त्या महिन्याचं स्टेटमेंट, पैसे उसने दिले तेव्हाची नोंद आणि मित्राशी झालेल्या चॅटच्या संबंधित भागाच्या छापील प्रती घेऊन जावं. व्हॉट्सॲपमध्ये त्या चॅटमध्येच ‘एक्सपोर्ट चॅट’ आहे. सोबत दोन ओळींचं पत्र : गुन्ह्याशी संबंधित माहिती स्वतःहून देत आहे, गरज पडल्यास साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं) प्रमाणपत्रही देईन. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. साक्षीदाराच्या बाबतीत अनेकदा एवढ्यावर भागतं आणि अख्खा फोन अडकत नाही. कलम १८० खालच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, हेही त्याला सांगून ठेवा. कोऱ्या कागदावर तर कशासाठीच नाही. तरीही मूळ फोनच हवा म्हणाले तर फोन द्यावा, पंचनामा करून. पासकोड मागितला तर ‘वकिलांशी बोलून लेखी कळवतो’ एवढंच उत्तर, आवाज न चढवता. वकिलाने द्यायला सांगितलं तर कोणाच्या मागणीवरून, किती वाजता दिला, हे पंचनाम्यात यावं. फोनचा आणि गूगल पे-फोन पेचा पिन एकच असेल तर तो आजच बदला.

जप्ती पंचनाम्यात काय वाचायचं

पंचनामा म्हणजे छापील मजकुरात रिकाम्या जागा भरणं, असं बऱ्याचदा चालतं. सहीआधी वाचा. कंपनी, मॉडेल, रंग, काचेला तडा असेल तर तडा. दोन्ही आयएमईआय, प्रत्येकी १५ आकडी. डायलरवर *#०६# टाकलं की दिसतात, म्हणून जाण्याआधीच वहीत उतरवून ठेवा. सिमचा नंबर, मेमरी कार्ड आहे की नाही आणि किती जीबीचं. ताब्यात घेताना फोन चालू होता की बंद, लॉक होता की उघडा. दोन पंचांच्या सह्या आणि पाकिटावर लाखेची मोहोर. झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण कलम १०५ ने सक्तीचं केलं आहे, ते होत नसेल तर ‘चित्रीकरण व्हावं’ असं शांतपणे म्हणा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

गडबड होते ती सहसा पुढे. फोन चालू ठेवून, नेटवर्क न तोडता टेबलावर पडला, तर नवे मेसेज येत राहतात आणि आतला डेटा बदलत जातो. म्हणून फोन निदान एअरप्लेन मोडवर टाकावा, शक्य तर सिग्नल अडवणाऱ्या फॅरेडे पिशवीत ठेवावा. कोणी ‘जरा बघतो’ म्हणून चॅट उघडली की तिकडे निळ्या टिका जातात, आणि जप्तीनंतरच्या वेळेला मेसेज वाचल्याची खूण राहते. बचावाचे वकील हाच धागा ओढतात. डेटा काढल्यावर त्या फाइलचं हॅश मूल्य नोंदवायचं असतं. कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच आहे. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक क्रमांक, एक अक्षर बदललं तरी तो पूर्ण वेगळा येतो. भावाने तो मागावा. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत किंवा तिच्या प्रादेशिक शाखेत फोन गेला तर परत यायला महिने लागू शकतात, याची तयारी ठेवा.

परत मिळवण्यासाठी वाट बघत बसू नका. दंडाधिकाऱ्याकडे कलम ४९७ किंवा ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो. खरेदीचं बिल, आयएमईआय छापलेला खोका, आधार, आणि ‘न्यायालय म्हणेल तेव्हा हजर करीन’ असं बंधपत्र लागतं. ‘डेटाची प्रत काढून घेऊन फोन सुपूर्तनाम्यावर द्यावा’ असंच अर्जात लिहा, न्यायालयाला ते पटण्यासारखं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे की मुद्देमाल गरजेपेक्षा जास्त काळ ठाण्यात पडून राहू नये. मधल्या काळात नंबर बंद पडून बँकेचं काम अडतं. डुप्लिकेट सिम घेण्याआधी तपासी अंमलदाराला लेखी कळवा, कारण नवं सिम चालू झालं की जप्त सिम बंद पडतं. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, ओटीपीही नाही.

नाकाबंदीतलं चाळणं

त्या रात्री भावाच्या बाबतीत जे झालं त्याला आधार दिसत नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मागणं, दारू प्यायली आहे का तपासणं, हे ठीक. पण कोणताही गुन्हा दाखल नसताना, कारण न लिहिता, गूगल पे आणि गॅलरी चाळणं हे कलम १८५ मध्ये बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानल्यावर तर त्याचं समर्थन आणखी अवघड झालं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादच्या रस्त्यांवर पोलीस लोकांच्या चॅटमध्ये ‘गांजा’ शोधताना दिसले, तेव्हाही याच मुद्द्यावर गदारोळ झाला होता.

तरी रात्री साडेबाराला कलमं ऐकवून फायदा नाही. पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळण्याचं बंधन कलम १७२ मध्ये आहे, आणि न पाळणाऱ्याला काही वेळ थांबवून ठेवता येतं. सूचना कायदेशीर होती की नाही याचा निकाल रस्त्यावर लागत नाही. ‘साहेब, कशाच्या तपासात बघताय? माझ्यावर काही गुन्हा आहे का?’ एवढं विचारावं. तरी फोन घेतलाच तर झटापट करू नये. जागा, वेळ, छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवावा.

एक साधी युक्ती मात्र आजच करता येईल. बहुतेकांचा फोन उघडा होतो तो लायसन्स दाखवतानाच. डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने चालते, पण ती दाखवायला आपण फोनचं लॉक काढून फोन समोरच्याच्या हातात देतो. अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘ॲप पिनिंग’ असतं, त्यात ‘अनपिन करण्याआधी पिन मागा’ हेही चालू करायचं. आयफोनमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘गायडेड ॲक्सेस’ असतं, साइड बटण तीनदा दाबलं की सुरू होतं. मग लायसन्सच्या पानाबाहेर जाताच येत नाही. त्याहून सोपं म्हणजे स्मार्टकार्ड खिशात ठेवणं.

तक्रार करायची का? करता येते : परिमंडळाचे पोलीस उपायुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, राज्य मानवी हक्क आयोग. आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. पण नाव, नंबर काहीच हाताशी नसेल आणि दुसऱ्या जिल्ह्यातला तपास डोक्यावर असेल, तर हे दोन विषय आत्ता एकत्र करू नका. तारीख, वेळ, चौक आणि काय काय उघडून पाहिलं, ते आजच लिहून ठेवा. जबाबाचं काम पार पडलं की उपायुक्तांना पत्र द्या. ज्या दिवशी जबाबाला जाल त्या दिवशी ठाण्यात काही वावगं घडलं, तर मात्र थांबू नका. ठाण्यातल्या सीसीटीव्हीत आवाजासकट चित्रण हवं आणि ते किमान वर्षभर जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ‘अमुक वेळेचं चित्रण राखून ठेवावं’ असा अर्ज दुसऱ्याच दिवशी देऊन त्यावर पोच घ्या.